टेन्शनने माणूस अकाली म्हातारा होतो का? बाबांबद्दलच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाबा ५२ वर्षांचे, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात सहा एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. गेल्या काही वर्षांत इतके खंगले की पासष्टीचे वाटतात. गुडघे धरतात, रात्र रात्र झोप नाही, भूक नाही, गप्प गप्प असतात, सांगितलेलं विसरतात. गावातले म्हणतात, "टेन्शननं खाल्लं त्याले." मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याला जाणून घ्यायचंय की हे नुसतं बोलणं आहे की शरीर खरंच लवकर म्हातारं होतं, मोबाईलवर जाहिरात येते ती 'बायोलॉजिकल एज'ची (शरीराचं वय सांगणारी) टेस्ट करावी का, कोर्टिसॉल (ताणात वाढणारं संप्रेरक) उतरवणाऱ्या गोळ्या द्याव्यात का, आणि झालेलं परत फिरतं का. जाता जाता त्याने हेही विचारलंय की सत्ताविसाव्या वर्षीच त्याचे केस पिकायला लागलेत, ते यानेच का.

गावातले म्हणतात ते खरं आहे, पण अर्धंच. वर्षानुवर्षं चालणाऱ्या ताणाने शरीर वेगाने झिजतं, याला आज चांगला पुरावा आहे. उरलेलं अर्धं मला ओपीडीत दिसतं. 'टेन्शनने वाळला' म्हणून आणलेल्या पन्नाशीच्या माणसाला तपासलं की थायरॉइड, साखर, रक्तक्षय, टीबी, नाहीतर मेडिकलमधून परस्पर आणलेली गुडघ्याची गोळी, यातलं काहीतरी हाती लागतं. टेन्शनचं नाव दिलं म्हणून ते वर्ष-दोन वर्षं कोणी शोधलेलंच नसतं. त्यामुळे तुमच्या बाबांना न बघता मी 'हो, टेन्शनच' म्हणणार नाही.

आधी शरीरात काय घडतं ते बघू. वावरात पायाशी साप दिसला की काही क्षणांत ॲड्रेनलिन सुटतं. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं. त्यामागोमाग दुसरी, जरा सावकाश साखळी चालू होते. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना, आणि तिथून कोर्टिसॉल रक्तात येतं. कोर्टिसॉलला उगाच खलनायक ठरवू नका, ते नसेल तर माणूस जगत नाही. यकृतातून साखर सोडणं, रक्तदाब टिकवणं, जळजळ (अंगातली सूज, इन्फ्लमेशन) आवरणं ही त्याची कामं. पुरेसं झालं की ते स्वतःच मेंदूला 'आता थांब' असं सांगतं. निरोगी माणसात ते पहाटे चढू लागतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यात वर जातं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला येतं. रोजचा हा उतार मिळणं फार महत्त्वाचं आहे. दिवसभर डवऱ्याला जुंपलेला बैल संध्याकाळी सोडला, चारापाणी झालं, की सकाळी पुन्हा उभा राहतो. रात्रीही जू मानेवरच ठेवलं तर काम तेवढंच असूनही पंधरा दिवसांत मान फुटेल.

कोर्टिसॉलची पातळी रात्रीही पुरेशी उतरत नसेल, किंवा हा चढ-उतारच सपाट झाला असेल, तर शरीराची दुरुस्ती मागे पडते. ब्रूस मॅक्एवन आणि एलियट स्टेलर यांनी १९९३ मध्ये या साचत जाणाऱ्या झिजेची कल्पना मांडली. त्यात ताण किती मोठा होता याच्या इतकंच, तो उतरायला वाव मिळाला की नाही हे महत्त्वाचं होतं. बोंडअळीने एक हंगाम नेला तर माणूस सावरतो. पण पेरणी मोडली, मग दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर, मग भाव पडले, मग पीककर्ज देणाऱ्या सोसायटीची नोटीस, आणि त्यातच मुलीचं लग्न, असं चाललं की उतारच येत नाही.

कोर्टिसॉल जास्त झाल्यावर माणूस कसा दिसतो हे आमच्या भागात कोणत्याही बाजाराच्या दिवशी बघायला मिळतं. गुडघे किंवा कंबर दुखते म्हणून लोक पुडीतल्या गोळ्या घेतात. कोणी त्याला आयुर्वेदिक चूर्ण म्हणतं, कोणी 'वाताची गोळी'. पुष्कळदा त्यात डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असतं. ही स्टेरॉइड म्हणजे कोर्टिसॉलचीच भावंडं, पण कितीतरी जोरकस. पहिला महिना जादू वाटते. दुखणं पळतं, भूक लागते, माणूस वावरात जातो. मग चेहरा गोल होतो, पोट सुटतं, हातपाय मात्र काटकुळे होत जातात. मांडीचे स्नायू इतके उतरतात की उकिडवं बसलं तर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. कातडी पातळ होते, जरा खरचटलं की काळंनिळं. साखर वाढते, बीपी वाढतं, मोतीबिंदू लवकर पिकतो, हाडं ठिसूळ होऊन मणका दबतो. पन्नाशीच्या माणसाला सत्तरीचं शरीर देणारं औषध कोणतं, असं विचारलंत तर मी याच गोळीचं नाव घेईन.

चिंतेतलं कोर्टिसॉल इतकं कधीच चढत नाही. पण दिशा तीच असते: स्नायू कमी, पोटावर चरबी, हाडाला झळ, साखरेकडे कल. फरक मात्रेचा आणि वेळेचा. गोळीने वर्षभरात होतं ते ताणाने, तेही थोड्या प्रमाणात, पंधरा-वीस वर्षांत होतं.

म्हणून तुमच्या बाबांच्या बाबतीत माझा पहिला प्रश्न हा की गुडघ्यांसाठी ते नेमकं काय घेतात. घरातल्या सगळ्या पुड्या, पत्ते, बाटल्या एका पिशवीत घालून डॉक्टरकडे न्या. आणि हे नीट वाचा: कित्येक महिने अशी गोळी चालू असेल तर ती घरच्या घरी एकदम बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की ॲड्रिनल ग्रंथी स्वतःचं काम सोडून देतात. गोळी अचानक थांबवली तर शरीरात कोर्टिसॉलच उरत नाही. उलट्या, गळून जाणं, बीपी एकदम खाली येणं, आणि वेळेत उपचार नाही झाला तर जिवावर बेततं. मात्रा हळूहळू कमी करत आणावी लागते, आणि ते डॉक्टरनेच ठरवायचं.

आता पुराव्याकडे. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमियर नावाचे पट्टे असतात. पेशी विभागली की ते थोडे आखूड होतात, फारच आखूड झाले की पेशी विभागणं थांबवते. याच्या शोधाबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चं नोबेल मिळालं. त्याआधी २००४ मध्ये एलिसा एपेल आणि ब्लॅकबर्न यांनी अमेरिकेत ५८ आयांचा अभ्यास केला. काहींची मुलं दीर्घ आजारी होती, काहींची निरोगी. ज्या आयांना सगळ्यात जास्त ताण जाणवत होता, त्यांचे टेलोमियर कमी ताणाच्या आयांपेक्षा निदान दहा वर्षांनी म्हातारे दिसले. आजारी मुलाची सेवा जितकी वर्षं, तितके ते आखूड. जगभर गाजलेला अभ्यास आहे. पण नंतर बरेच अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा ताण आणि टेलोमियर यांचा संबंध खराच, पण बारीक निघाला. 'ताणाने आयुष्य दहा वर्षांनी घटतं' असं त्यावरून कोणी सांगत असेल तर ती जाहिरात समजा.

दुसरा पुरावा मला जास्त पटतो. आपल्या डीएनएवर मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा असतात आणि वयाबरोबर त्यांची मांडणी ठरावीक रीतीने बदलते. स्टीव्ह होर्वाथ यांनी २०१३ मध्ये अशा ३५३ जागा मोजून माणसाचं वय सांगणारं गणित बसवलं. २०१५ मध्ये अँथनी झान्नस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की आयुष्यभराचा साचलेला ताण जास्त असेल तर हे गणित प्रत्यक्ष वयाच्या पुढे धावतं. त्यात एक ठळक गोष्ट होती. त्या ३५३ जागांपैकी ८५ जागा डीएनएच्या अशा भागांत होत्या जिथे कोर्टिसॉल पेशीतल्या आपल्या रिसेप्टरमार्फत (त्याला धरणाऱ्या प्रथिनामार्फत) थेट येऊन बसतं. म्हणजे मनातली काळजी आणि पेशीतली खूण यांच्यामधला एक दुवा हाती लागला.

तिसरी वाट जळजळीची. कोर्टिसॉल जळजळ आवरतं, मग ताणात जळजळ कमी व्हायला हवी, नाही का? सुरुवातीला होतेही. पण रोजच कोर्टिसॉलचा मारा सोसणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी त्याचं ऐकेनाशा होतात आणि अंगात बारीक जळजळ सतत धुमसत राहते. हृदयविकार, मधुमेह, सांधे, स्मृती, म्हातारपणाच्या बहुतेक आजारांत तिचा हात आहे. जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराची सेवा करणाऱ्यांना सहा वर्षं तपासलं. त्यांच्या रक्तातलं आयएल-६ हे जळजळीचं रसायन इतरांच्या तुलनेत साधारण चौपट वेगाने वाढत गेलं. त्यांचाच १९९५ चा एक साधा प्रयोग आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची सेवा करणाऱ्या १३ बायकांच्या आणि तशा दुसऱ्या १३ जणींच्या हातावर अगदी छोटी जखम केली आणि भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. सेवा करणाऱ्यांची जखम सरासरी नऊ दिवस उशिरा भरली.

इथे थांबून एक सांगते. या क्षेत्रातले सगळ्यात गाजलेले अभ्यास बायकांवरचे आहेत, दुसऱ्याची सेवा करणाऱ्या बायकांवरचे. तुमच्या एवढ्या लांब प्रश्नात आईबद्दल एकच वाक्य आहे, "आई ठीक आहे." ती चारला उठते, स्वयंपाक करते, वेचणीला जाते, येऊन पुन्हा चूल, आणि नवऱ्याचा जीव रात्री घाबरला की तीच उठून बसते. बाबांना घेऊन याल तेव्हा तिचंही बीपी, साखर आणि हिमोग्लोबिन बघून घ्या. आमच्याकडे 'ठीक आहे' म्हणणाऱ्या बायकांचं हिमोग्लोबिन आठ-नऊ निघणं अजिबात नवीन नाही.

शेतकऱ्याच्या ताणाबद्दल दोन अभ्यास आपल्या कामाचे आहेत. केनियात पाऊस कमी झालेल्या भागातल्या गरीब शेतकऱ्यांचं कोर्टिसॉल वाढलेलं आढळलं, आणि ज्यांचं पोट फक्त शेतीवर होतं त्यांच्यात जास्त. दुसरा २०१३ चा, तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांचा. त्याच माणसाची बुद्धीची परीक्षा तोडणीच्या आधी, हात आखडलेला असताना घेतली, आणि पैसे आल्यावर पुन्हा घेतली. आधी गुण कमी, नंतर जास्त. माणूस तोच, डोकं तेच. तुमचे बाबा विसरतात म्हणता, त्यात म्हातारपण किती आणि चुकाऱ्याची वाट किती, हे कापसाचे पैसे हातात आल्यावर पुन्हा बघा. उलंगवाडी (कापसाची शेवटची वेचणी) झाल्यावर कित्येक माणसं बोलायला लागतात, हे गावात सगळ्यांनाच माहीत आहे.

झोपेवर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण इथे आपल्या हातात काहीतरी आहे. शिकागोत १९९९ मध्ये ११ तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. संध्याकाळचं कोर्टिसॉल वाढलं आणि साखर पचवण्याची ताकद म्हाताऱ्या माणसासारखी झाली. तरणीताठी पोरं, सहा रात्री. आता आपल्याकडची रात्र बघा. ज्यांचं ओलित आहे त्यांना, लाईन (वीज) रात्रीची आली की बारा वाजता मोटर चालू करायला जायचं, अंधारात दांडाला पाणी सोडायचं, विंचू-सापाची भीती वेगळी. हरभरा, तूर उभी असली की रोही (नीलगाई) आणि रानडुकरांसाठी जागल. जंगलाकडच्या गावात त्यात वाघ. उन्हाळ्यात पत्र्याखाली पहाटे दोनपर्यंत डोळा लागत नाही. मग दिवसभर टिकायचं म्हणून चहा आणि खर्रा. खर्‍यातला तंबाखू ॲड्रेनलिन आणि कोर्टिसॉल दोन्ही वर ढकलतो, सुपारीचाही उत्तेजक परिणाम असतोच. खर्रा घोटून तोंडात टाकला की डोकं शांत झाल्यासारखं वाटतं, कारण आधीच्या खर्‍याची तलफ भागते. आणि रात्री झोप यावी म्हणून कोणी दारू घेत असेल तर पहिले दोन-तीन तास गुंगी येते, पुढची रात्र तुटक होते. "पडून राहतो मॅडम, पण झोप येऊनच नाही राहिली," असं सांगणाऱ्या माणसाला मी झोपेची गोळी लिहून देण्याआधी हे सगळं विचारते.

यातलं काय बदलता येईल? ज्यांच्याकडे सोलर पंप बसला ते रात्रीच्या लाईनमधून सुटले, आणि त्यांच्यापैकी काहींचं बीपी आवाक्यात आलेलं मी पाहिलंय. पुरावा म्हणून हे फार नाही, पण अर्ज करायला हरकत कसली? पंप नसेल तर जागलीच्या पाळ्या दोन-तीन शेजाऱ्यांत वाटून घ्या, म्हणजे आठवड्यात तीन-चार रात्री तरी सलग मिळतील. रात्री जागावं लागलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी तासभर झोप. शेवटचा चहा चारला, शेवटचा खर्रा जेवणाआधी, आणि खरं तर तो सुटलाच पाहिजे, तोंड उघडायला त्रास होत असेल तर आजच. शेतकऱ्याला 'रोज चाला' सांगण्यात मला अर्थ वाटत नाही, तो दिवसभर चालतोच. त्याला बसायला, गप्पा मारायला, भजनाला जायला वेळ मिळतोय का, ते बघा.

तुमच्या हातातली आणखी एक गोष्ट. रात्री नऊला फोन करून बँकेच्या हप्त्याचं विचारू नका. तोच फोन सकाळी करा. आणि पुढच्या सुट्टीत गावी गेलात की बाबांसोबत बसून सगळं देणं एका कागदावर मांडा: सोसायटी, बँक, कृषी केंद्राची उधारी, सावकार, नातेवाईक, प्रत्येकाची तारीख आणि व्याज. आकडा मोठा निघेल. पण डोक्यात फिरणारा अंदाज रोज रात्री वाढत जातो, कागदावरचा वाढत नाही. यातलं कोणतं तुम्ही उचलू शकता ते त्यांना स्पष्ट सांगा, सगळं उचलायचं वचन देऊ नका.

टेस्टबद्दल: करू नका. मिथाइलच्या खुणांवरची ही गणितं हजारो लोकांच्या सरासरीवर चांगली चालतात. एकट्या माणसाच्या बाबतीत त्यात बरीच चूक राहते, आणि ती बसवली गेली ती बहुतेक पाश्चात्त्य देशांतल्या लोकांच्या रक्तावर. समजा, अहवाल आला की बाबांचं शरीर ६१ वर्षांचं आहे. पुढे काय करणार? जे आत्ता करायला सांगतेय तेच. त्या पैशात हिमोग्लोबिन, साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, थायरॉइड, बी-१२, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची तपासणी), सगळं होईल आणि वर जाण्यायेण्याचं भाडंही निघेल. वजन घटत असेल किंवा दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी, ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. आपल्या भागात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) बराच आहे, हाडं-सांधे दुखतात आणि रक्त कमी असतं अशा माणसाची ती तपासणी आधी कधी झाली नसेल तर करून घ्या.

कोर्टिसॉलची रक्ततपासणीही मनाने करून आणू नका. दिवसाच्या वेळेप्रमाणे आकडा इतका बदलतो की एकदा काढलेल्या रक्तावरून ताण मोजता येत नाही. ती तपासणी कुशिंग (कोर्टिसॉल फार जास्त) किंवा ॲडिसन (फार कमी) यांसारख्या ग्रंथींच्या आजारांसाठी असते, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पद्धतीने. 'ॲड्रिनल थकल्या आहेत' असं सांगून गोळ्या विकतात, पण तसा आजार वैद्यकशास्त्र मानत नाही. अश्वगंधाने कोर्टिसॉल थोडं उतरल्याचे काही लहान अभ्यास आहेत. पण तिच्यामुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदीही आहेत, आणि थायरॉइडची औषधं चालू असतील तर तिने गडबड होऊ शकते. आणि डब्यावर नाव नसलेलं चूर्ण तर नकोच, कारण त्यात काय निघतं ते वर लिहिलंच आहे.

परत फिरतं का? पुष्कळसं, हो. २०२३ मध्ये एक अभ्यास आला. खुब्याचं हाड मोडून तातडीने शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धांचं जैविक वय एका दिवसात वर गेलं आणि आठवड्याच्या आत पुन्हा खाली आलं. गरोदरपणात आणि गंभीर कोविडमध्येही चढ दिसला, आणि बाळंतपणानंतर तो उतरलाही. म्हणजे हे गणित फक्त पुढेच सरकतं असं नाही. कुशिंगच्या आजारात कोर्टिसॉलमुळे मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींचा भाग, आकसतो, आणि उपचारांनी कोर्टिसॉल उतरलं की काही प्रमाणात पुन्हा भरतो. ५२ व्या वर्षी स्नायू परत येतात, साखर आवरता येते, झोप सुधारली की विसराळूपणा बराच कमी होतो. दबलेला मणका मात्र उंच होत नाही आणि सांध्यातली झिजून गेलेली कूर्चा (गादी) परत येत नाही.

एक गोष्ट कोणाच्याच हातात नव्हती, तीही सांगते. बाबांच्या पिढीतले बरेच जण १९७२ च्या दुष्काळाच्या आसपास आईच्या पोटात होते. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यातल्या उपासमारीत गर्भात असलेल्यांच्या डीएनएवर साठ वर्षांनीही वेगळ्या खुणा सापडल्या. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून सहा खेड्यांतल्या मातांचा आणि मुलांचा अभ्यास केला. त्यात आपली बाळं वजनाने हलकी, पण अंगात चरबीचं प्रमाण जास्त असलेली दिसली. आपल्याकडच्या सडपातळ माणसाला चाळिशीतच साखर निघते, त्याची मुळं इतकी मागे जातात. त्यामुळे 'बाबा तर वाळलेले आहेत, त्यांना शुगर कशी असेल' असं धरून चालू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. झोप नाही, भूक नाही, वजन उतरलंय, विसरतात, गप्प असतात, हे सगळं मिळून मला नैराश्याचा आजार वाटतो, निदान त्याची शंका घ्यायलाच हवी. पन्नाशीच्या शेतकऱ्यात तो 'मन उदास आहे' असं सांगत येत नाही. तो "आंगच नाही चालत" म्हणून येतो, "कशातच मन नाही लागत" म्हणून येतो. तो बरा होतो, औषधांनी आणि बोलण्याने, आणि त्याची औषधं स्टेरॉइड नसतात, सवय लावणारीही नसतात. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. त्यात गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवलं, ते घरोघर बोलले, गरज असेल त्याला डॉक्टरकडे पाठवलं. आधी नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोकांना काही मदत मिळत होती, नंतर २७.२ टक्क्यांना मिळाली, आणि गावात आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. त्यासाठी शहरातला मोठा मानसोपचारतज्ज्ञ दारात यावा लागला नाही.

बाबांना सरळ विचारा, "बाबा, जीव नकोसा होतो का? काही करून घ्यावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. असलाच तर तो बोलून दाखवायला जागा मिळते. उत्तर 'हो' आलं किंवा नुसतेच डोळे भरले, तर त्यांना एकटं ठेवू नका. फवारणीचं औषध घरातून हलवून कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या, आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागात न्या. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलतात. तुम्ही पुण्याहून आधी स्वतः फोन करून काय बोलायचं ते विचारलं तरी चालतं.

राहिले तुमचे केस. २०२० मध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर दाखवलं की ताणात चेतातंतूंमधून सुटणारं नॉरॲड्रेनलिन केसाला रंग देणाऱ्या मूळ पेशी संपवून टाकतं. पुढच्या वर्षी माणसांवरचा एक छोटा अभ्यास आला. त्यात पिकलेले काही केस ताण उतरल्यावर मुळाकडून पुन्हा काळे उगवल्याचं दिसलं. पण ते मोजके केस होते, अख्खं डोकं नव्हे. सत्ताविसाव्या वर्षी केस पिकण्याचं सगळ्यात मोठं कारण घराणं असतं, मामा आणि आजोबांचे जुने फोटो काढून बघा. त्यानंतर बी-१२ ची कमतरता, थायरॉइड आणि सिगारेट. शाकाहारी असाल तर बी-१२ नक्की तपासा, ते कमी निघालं तर उपचार सोपा आहे. ते बरोबर असेल तर केसांच्या तेलांवर पैसे घालवू नका, आणि रंग लावायचाच असेल तर आधी कानामागे थोडा लावून दोन दिवस बघा, खाज सुटली तर तो रंग वापरू नका.